रविवारची साक्ष

कोराडी
२३ जुलै २०२५

प्रेमिला,

जय भीम. फोन करत नाही, कारण तुला माहीत आहे. एकोणतीस वर्षं वीजकेंद्रात टर्बाइनशेजारी काढली, आता फोन कानाला लावला तरी आत टर्बाइनच फिरतं. परवा तू जे बोललीस त्यातलं मला ‘जेवलास का’ एवढंच कळलं, आणि सून म्हणते की तू ते विचारलंच नव्हतंस. मेसेज पाठवायचा तर तो माझ्याआधी घरातले सगळे वाचतात. म्हणून आपलं हे जुनंच काम बरं. कोराडीहून धरमपेठेला बस पाऊण तासात येते आणि पत्राला चार दिवस लागतात, पण पत्र लिहिताना ओरडावं लागत नाही.

आता रविवारचं. विक्की तुला स्टँडवरून घरी सोडायला निघाला, आणि तुझं घर पाच मिनिटांवर असताना गाडी त्या भुट्टेवाल्याच्या ठेल्यावर गेली. माणसाचा पाय मोडला. विक्कीनं पोलिसांना सांगितलं की ठेला एकदम मधे आला. तू सांगितलंस की मी मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत होते, मला समोरचं दिसलं नाही. हे तू बरं केलंस. मला उपकाराची भाषा येत नाही, तेव्हा एवढ्यात समजून घे.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, विक्कीचं नऊ वर्षांचं कंत्राटी काम आता कुठं संपायला आलं आहे. पक्क्या नोकरीच्या यादीत त्याचं नाव लागलं. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा राहिला. या गोष्टीत त्याची चूक निघाली तर तो दाखला गेला आणि त्याच्यामागं नोकरीही गेली. चौतिसाव्या वर्षी पुन्हा कोणाच्या दारात उभा राहणार तो?

आणि तू काय करून राहिली आहेस? विक्की मला सांगत होता, “पप्पा, आत्या रोज दवाखान्यात त्या माणसाकडं जाऊन राहिली. तिले सांगा ना, लोकं विचारतीन.” नर्सच्या नोकरीतून सुटलीस ना तू? मग त्या अनोळखी माणसाची शुश्रूषा करायला तुला कोणी सांगितलं? अठ्ठावीस वर्षं मी तुला हा प्रश्न विचारला नाही, आज विचारतो. तुम्ही ख्रिस्ती लोक हे सारं काहून करता? स्वर्गात जागा धरायला? की लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून? तू एकदा घर सोडून त्या धर्मात गेलीस, तर निदान मला कळू दे की तिथं असं काय मिळतं.

बाकी ठीक. खिडकीच्या गजांवर राख बसते ती पुसायला आता मीच असतो.

तुझा बहिरा भाऊ,
धम्मानंद

धरमपेठ, नागपूर
२९ जुलै २०२५

दादा,

तुला जय भीम. मी अजूनही जय भीमच लिहिते हे तुला खटकत असेल तर खटकू दे. बाप्तिस्मा घेतला म्हणून काही मी नत्थू मेश्रामची मुलगी राहिले नाही असं नाही.

तुझा ‘काहून’ दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. उत्तर सोपं आहे रे, मंडळीतलं शाळकरी पोरही देईल. देवानं आपल्यावर माया केली, आपण त्या लायकीचे नसताना केली, म्हणून आपणही त्याच्यासारखं वागावं. लेकरू बापावर जातं, तसं. यात स्वर्गाचं तिकीट वगैरे काही नाही. तू रेल्वेच्या रिझर्वेशनसारखं बोलतोस.

त्या माणसाचं नाव कवडू. कुहीकडचा आहे, आपल्याच तालुक्यातला. परवा त्याला घरी सोडलं. नडगीचं हाड बाहेर आलं होतं, त्यामुळं प्लास्टरला खिडकी कापली आहे आणि त्या खिडकीतून रोज जखम धुवावी लागते. त्याची बायको शामला धीट बाई आहे, पण जखम पाहिली की तिला भोवळ येते. म्हणून मी जाते. चालत दहा मिनिटांवर तर घर आहे. ती मला चहा देते, गूळ जास्त घालून. काल म्हणाली, “ताई, तुमी आमच्यासाठी एवढं काहून करून राहिल्या? तुमी तर देवमाणूस हा.” तुझाच प्रश्न, बघ. मी म्हटलं, प्रभूचं प्रेम आहे हो. आणि खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिले.

एक सांगू? कवडूला वाटतं की चूक त्याचीच होती. सगळ्यांनी त्याला सांगितलं की ठेला रस्त्यात आला, तर त्यानंही ते मानलं. दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यानं मलाच विचारलं, “ताई, तुमाले तर लागलं नाही ना? माझाच ठेला पुढं आला असन.” दादा, मला तिथं बसवेना.

मनाला चैन नाही, त्यात आता येत्या रविवारी, तीन तारखेला, मला साक्ष द्यायची आहे. साहेबांनी स्वतः बोलावून घेतलं. म्हणाले, “प्रेमिलाबाई, जे झालं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगा.” त्यांना नाही म्हणता येत नाही. पण काय सांगावं, किती सांगावं, विक्कीचं नाव घ्यावं की न घ्यावं, काहीच ठरत नाही. तू रागावू नकोस. माझ्यासाठी जमलं तर शांत चित्तानं बस थोडा वेळ, तुमच्या पद्धतीनं.

विक्कीच्या रितिकाला पापा. ती दुसरीत गेल्यापासून मी तिला पाहिलंही नाही.

तुझी,
प्रेमिला

कोराडी
५ ऑगस्ट २०२५

प्रेमिला,

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. साक्ष देणार हे वाक्य मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग विक्कीला हाक मारली आणि पत्र त्याच्या हातात दिलं. म्हटलं, “घे, वाच. तुही आत्या उद्या ठाण्यात उभी राहून साक्ष देऊन राहिली.”

त्यानं वाचलं. मला वाटलं तो तुझ्याकडं धावत येईल, हातापाया पडेल. पण तो नुसताच पत्राच्या त्या कवडूच्या ओळीवर बोट ठेवून बसला. रविवारी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी विचारलं कुठं, तर कागदावर लिहून दाखवलं, कारण घाईत मला त्याचं ऐकू येत नाही. लिहिलं होतं, “आत्याच्या तोंडून काहून? चूक माझी आहे, मीच सांगतो.” आणि तो गेला.

तिथं त्यानं लिहून दिलं की ठेला जागेवरच होता, मी गाडी चालवताना फोन पाहत होतो. सही केली. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. परत आला आणि मला म्हणाला, हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, “पप्पा, तो माणूस स्वतःले दोष देऊन राहिला ना, तेच्यानं माह्या घशाखाली घास उतरून नव्हता राहिला.”

तर तुझ्या मनासारखं झालं. आता गुन्हा दाखल आहे. चारित्र्याचा दाखला कोणत्या तोंडानं मागायचा ते तू सांग. तुमच्या चर्चमधे असे दाखले मिळतात का? मिळत असतील तर एक पाठवून दे, शिक्क्यासकट.

मी रागात आहे, आणि मला रागात लिहिता येतं म्हणून लिहितो. भाऊ, भाचा, कोणीच दिसलं नाही तुला, आणि खरं बोलायचं भूत एकदम अंगात आलं तुझ्या. पण तुला शाबासकी दिली पाहिजे. आपल्या बाबांनी खरं बोलायला शिकवलं ते तूच पाळलंस, मी नाही. रागाच्या खाली हेही आहे, ते लपवत नाही.

फक्त एक गोष्ट मला कळली नाही. विक्कीनं हवालदाराला विचारलं, माझी आत्या येऊन गेली का? तो म्हणाला, “कोनती आत्या? इथं कोनी बाई आली नाही.” विक्की तिथं दुपारी दोनपर्यंत बसून होता. मग तू साक्ष दिलीस कुठं?

धम्मानंद

धरमपेठ, नागपूर
१० ऑगस्ट २०२५

दादा,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं आणि फाडलं. आता जे येईल ते जाऊ देते.

साक्ष मी चर्चमधे दिली. आमच्याकडं साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून सांगायचं की देवानं आपल्यासाठी काय केलं. साहेब म्हणजे आमचे पाळकसाहेब. पोलीस ठाण्याचा त्यात काही संबंध नव्हता. अठ्ठावीस वर्षं मी हे शब्द रोज वापरते. तू आमच्या चर्चच्या फाटकातही कधी आला नाहीस, तर तुला ते कसे कळणार, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नाही.

आणि मी काय सांगितलं ते ऐक. मी उभी राहिले आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या अपघातातून प्रभूनं मला राखलं, आणि ज्याला लागलं त्याची सेवा करायची संधी दिली. बस. भाच्याचं नाव नाही, फोन नाही, काही नाही. सगळे आमेन म्हणाले. दोघीतिघींनी डोळे पुसले. पाळकसाहेब म्हणाले, आपल्या या बहिणीत देवाचा स्वभाव दिसतो. मी हसले, दादा. त्या वेळी मी नम्रपणे हसले. आता तो हसरा चेहरा मला माझ्याच आरशात नको वाटतो.

साडेदहा-अकराच्या सुमारास मी तिथं उभी राहून निम्मं खोटं बोलत होते आणि माझा भाचा ठाण्यात उभा राहून पुरं खरं बोलत होता. त्यानं मला खरी समजून ते केलं. तू मला खरी समजून रागावलास, शाबासकीही दिलीस. तुम्ही दोघं जिला मानत होता ती बाई मी नाही.

अजून एक राहिलं आहे. ते लिहिलं नाही तर हे पत्रही त्या साक्षीसारखंच होईल.

मी पिशवीत पाहत नव्हते. मी फोनच पाहत होते. धरमपेठेच्या वळणावर मीच विक्कीला म्हटलं, “रितिकाचा शाळेतला फोटो हाय म्हणे, दाखव ना रे.” तो म्हणाला, “घरी पोचल्यावर दाखवतो, आत्या.” मी म्हटलं, “एक मिनिट तर लागते, दाखव.” मग त्यानं एका हातानं फोन काढला, फोटो शोधला, आणि माझ्याकडं धरला. रितिका टोपी घालून परी झाली होती. आम्ही दोघंही तिच्याकडं पाहत होतो. मग तो आवाज झाला.

त्यानं लिहून देताना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचं ओझं अर्धं झालं असतं. तो म्हणाला, मी फोन पाहत होतो. ‘मी’ म्हणाला. आणि मी अठ्ठावीस वर्षं प्रार्थना केलेली बाई, मी कवडूच्या नडगीवर रोज औषध लावत होते, म्हणजे मला कोणी काही विचारू नये. तू विचारलंस ना, काहून करते? घे खरं उत्तर. भीतीनं करत होते. शामला मला देवमाणूस म्हणायची आणि मला तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जड. म्हणून पुन्हा जायचं. यात प्रभू कुठंच नव्हता. लेकरू बापावर जातं असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं मी तुला. दादा, मी कोणावर गेले?

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द मी फार स्वस्त करून ठेवला आहे.

प्रेमिला

कोराडी
१८ ऑगस्ट २०२५

प्रेमिला,

वाचलं. विक्कीला विचारलं. तो म्हणाला, “आत्यानं म्हटलं तरी गाडी तर मीच चालवत होतो ना.” मी म्हटलं, हे तिथं काहून नाही सांगितलं? तर म्हणतो, “ती म्हातारी बाई, तिले काहून फरफटत न्यायचं?” एकोणसाठ वर्षांची म्हातारी. ऐकून घे.

यादीतून त्याचं नाव निघालं. त्याच्या जागी दुसरा मुलगा लागला. कंत्राटी काम सध्या आहे, ते किती दिवस ते ठेकेदार जाणे.

तुझ्या एका फोटोपायी हे झालं, आणि ‘साक्ष’ या एका शब्दापायी. हे मी विसरायचा प्रयत्न करणार नाही. तू काही दिवस लिहू नकोस. लिहिलंस तर मी वाचेन, पण उत्तराची वाट पाहू नकोस.

धम्मानंद

धरमपेठ, नागपूर
६ सप्टेंबर २०२५

दादा,

तू वाचशील असं लिहिलं होतंस, त्या आधारावर लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ठाण्यात गेले. आधीचा जबाब चुकीचा होता, मी सर्व पाहिलं होतं, फोटो मीच मागितला, असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी, खऱ्या साहेबांनी, सारं लिहून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाई, पहिलेच काहून नाही सांगितलं?” मी खाली सही केली. मग रविवारी चर्चमधे पुन्हा उभी राहिले. म्हटलं, मागच्या वेळी मी साक्ष दिली ती खोटी होती, आता खरी देते. सांगितलं सगळं. या वेळी कोणी आमेन म्हटलं नाही. पंखा तेवढा फिरत होता. एक बाई, जिच्या तीन बाळंतपणांत मी होते, ती दारात मला टाळून गेली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला.

यातलं काहीच कठीण नव्हतं. कठीण होतं ते दहा मिनिटांवरचं घर. विक्की ठाण्यात गेला त्यानंतर तिथं पोलीस येऊन कवडूला सांगून गेले होते की चूक गाडीवाल्याची. पण माझं कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी महिनाभर रोज जात होते, चहा पीत होते, आणि सांगत नव्हते. रोज म्हणायचे, आज जखमेतून पू येतोय, आज नको. उद्या.

गेल्या बुधवारी सांगितलं. पट्टी अर्धी सोडली होती, जखम उघडी होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. “कवडूभाऊ, त्या दिवशी तो पोरगा फोन पाहत होता तो माझ्यासाठी. मीच म्हटलं होतं, दाखव म्हणून. आणि पोलिसांना मी खोटं सांगितलं. तुम्ही स्वतःला दोष देत होता ते मी रोज ऐकून घेतलं.”

शामलानं माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. मला आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, “म्हणून येत होत्या तुमी. मले वाटलं...” देवमाणूस हा शब्द तिच्या तोंडात आला असेल आणि तिनं तो गिळला असेल. मी उठले. पिशवी उचलली. मला वाटलं, हे बरोबर आहे, हेच व्हायला हवं होतं, आता इथून जावं.

तेव्हा कवडू म्हणाला, “ताई, पट्टी अर्धीच राहिली.”

मला कळलं नाही. मी उभीच राहिले. त्यानं तो पाय, प्लास्टरसकट, दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडं सरकवला. म्हणाला, “बांधा ना. तुमच्यावाणी दुसऱ्या कोनाले जमत नाही.” शामला त्याला काहीतरी बोलली, जोरात बोलली. तो म्हणाला, “अवं, बाईनं आज खरं सांगितलं. सांगितलं नसतं तर मले काय समजलं असतं?”

मी खाली बसले आणि पट्टी बांधली. दादा, पस्तीस वर्षं नर्स होते, पण एवढ्या सावकाश पट्टी कधी बांधली नव्हती. मला त्या घरात आता कोणी चांगलं म्हणणार नव्हतं. माझ्याजवळ लपवायला काही नव्हतं आणि मिळवायलाही काही नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं पाय माझ्या हातात दिला होता. अठ्ठावीस वर्षं मी चर्चमधे हेच ऐकलं, की देव सगळं जाणून तुम्हाला जवळ करतो, म्हणून तुम्हीही तसे व्हा. ऐकलं, पाठ केलं, तुला उपदेश केला. पण कळलं ते एका भुट्टेवाल्याच्या घरी, जमिनीवर बसून.

मी उद्याही जाईन. शामला चहा देणार नाही, आणि देऊही नये. पण आता तू विचारलंस की काहून जाते, तर उत्तर पाठ केलेलं नाही. त्यानं पाय पुढं केला, म्हणून जाते. लेकरू बापावर जातं ते काही ठरवून जात नाही रे. कोणीतरी कडेवर घेतलेलं असतं, म्हणून जातं.

विक्कीची नोकरी मला परत देता येत नाही. ते माझ्यावर राहील, आणि ते मी कोणत्याही प्रार्थनेत मिटवून टाकणार नाही.

प्रेमिला

कोराडी
३ ऑक्टोबर २०२५

प्रेमिला,

काल दीक्षाभूमीवर जाऊन आलो. रितिकाला खांद्यावर घ्यायचं माझं वय नाही, पण ती ऐकते कुठं. गर्दी तुला माहीत आहे. छप्पन साली बाबा कुहीहून पायी आले होते आणि जिथं उभे होते ती जागा ते दर वर्षी दाखवायचे, दर वर्षी वेगळी. मीही रितिकाला एक जागा दाखवली. नत्थू आजोबा इथं उभे होते म्हटलं. खोटंच, पण बाबांचंच पुढं चालवलं.

तुला एक सांगायचं होतं, ते ऑगस्टपासून अडलं आहे. आपण घरी रोज पंचशील म्हणायचो, तू लहानपणी माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणायचीस. मी आजही म्हणतो. ऑगस्टात एकदा रितिकानं मला हलवून विचारलं, “आजोबा, तुमी चौथ्याले आवाज बारीक काहून करता?” मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं मला ते माहीतच नव्हतं. चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. सून म्हणाली, “बाबा, जुलैपासून तुमी असंच करून राहिले.” म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हापासून. तू खोटा जबाब दिलास आणि मी त्याला ‘बरं केलंस’ म्हटलं, त्या दिवसापासून माझं तोंड मला न सांगताच लाजत होतं. आणि मी तुला विचारत होतो की तुम्ही लोक चांगलं काहून वागता. मी माझ्या धम्माला विचारायला हवं होतं की मी वाईट काहून वागलो.

काल मी चौथं शील मोठ्यानं म्हटलं. बहिरा माणूस, अंदाज चुकला. आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली. रितिका तोंडावर हात ठेवून हसत होती.

मी तुझ्या देवाला मानत नाही आणि मानणारही नाही, ते तू मनातून काढून टाक. पण ते पायाचं तू लिहिलंस ते मी विक्कीला वाचून दाखवलं. तो आता दर रविवारी तिकडं जातो. ठेल्याचं चाक आणि वरची चौकट त्यानं वेल्डिंग करून दिली. शामलाबाई त्याच्याशीही बोलत नाही, फक्त “इथं ठेव” आणि “तिकडं ठेव” एवढं बोलते. कवडू काठी घेऊन दारापर्यंत चालतो असं विक्की म्हणाला. तुला दिसत असेलच.

नोकरीचं दुःख आहे घरात. सून माझ्याशी नीट बोलते, तुझं नाव निघालं की उठून आत जाते. तिला वेळ दे. मलाही दे. मी तुला माफ केलं असं लिहिलं तर चौथ्याला पुन्हा आवाज बारीक होईल, म्हणून लिहीत नाही.

तू तुझ्या चर्चमधल्या लग्नात माझी वाट पाहिली होतीस हे मला बाबांनी सांगितलं होतं. ते एकटेच आले आणि मागच्या बाकावर बसले. घरी येऊन म्हणाले, “पोरगी डोळे पुसून पुसून दाराकडं पाहून राहिली होती.” अठ्ठावीस वर्षांत मी हे तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

सोबत रितिकाचा तो फोटो ठेवला आहे, परीचा. विक्कीनं दुकानात नेऊन कागदावर काढून आणला. म्हणाला, “आत्याले पाठवा. तिनं नीट पाहिलाच नाही.”

घरी बसून पाहा.

तुझा दादा